दिया दे मुएर्तोस: गेलेल्यांच्या आवडीचा स्वयंपाक, मुलांना हाताशी घेऊन

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा लागला की मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या मंडईत पाय ठेवायला जागा उरत नाही. आत्लिस्कोच्या मळ्यांतून झेंडू ट्रकच्या ट्रक भरून येतो. त्याला इथे सेम्पासूचिल म्हणतात आणि तो मूळचा इथलाच, मेक्सिकोचा. शेजारी ऊस, पेरू, संत्री, भुईमुगाच्या शेंगा, लाल भोपळे. बेकरीसमोरून गेलं की संत्र्याच्या सालीचा आणि बटरचा वास येतो. १ आणि २ नोव्हेंबरला घरातली गेलेली माणसं परत भेटायला येतात अशी इथली श्रद्धा आहे, आणि लांबून आलेल्या पाहुण्याला उपाशी कोण ठेवेल? म्हणून हा सण मुळात स्वयंपाकघराचा.

त्याचं नाव दिया दे मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस. मेक्सिकोच्या मूळ आदिवासी समाजांचा सण म्हणून तो २००८ पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. तारखा लागून असल्यामुळे पुष्कळ जण त्याला हॅलोविनचाच प्रकार समजतात. तसं नाही. इथे कुणी कुणाला घाबरवत नाही. १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. घरात जी वेदी मांडतात तिला ओफ्रेंदा म्हणतात. तिच्यावर फोटो, मेणबत्त्या, फुलं असतातच, पण तिचा जीव जेवणात असतो.

पितृपक्षात पान वाढताना गेलेल्या माणसाच्या आवडीचा एखादा पदार्थ आपल्याकडेही आठवणीने करतात, त्यामुळे मराठी घराला ही कल्पना परकी वाटू नये. फरक मुलांच्या जागेत आहे. इथे मुलांना "तिकडे खेळा" म्हणून बाजूला काढत नाहीत. सणाच्या पावावरची पिठाची हाडं तीच वळतात, साखरेच्या कवट्यांना डोळे तीच लावतात, आणि हात चालू असताना पणजोबांच्या गोष्टी ऐकतात. हा लेख त्यासाठीच आहे. मेक्सिकोत राहणारी मराठी कुटुंबं, अमेरिकेत मुलांच्या शाळेत हा सण पाहिलेली घरं, किंवा पुण्या-ठाण्यात बसून एकदा मनापासून करून पाहू म्हणणारे, सगळ्यांना जमेल असं लिहिते आहे.

सुरुवात यादीने करा

रेसिपी शोधायच्या आधी कागद घ्या. घरातली कोण कोण माणसं गेली, आणि प्रत्येकाला खायला काय आवडायचं, हे मुलांना लिहायला सांगा. या सणात मेनू आपण ठरवत नाही, तो त्या माणसांनी ठरवून ठेवलेला असतो. मेक्सिकन घरांत म्हणूनच मोले (मिरच्या-चॉकलेटचा दाट रस्सा) आणि तामालेसच्या (पानात वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या) शेजारी कुणाच्या आवडीची कोकाकोलाची बाटली असते, कुणासाठी तेकिला, कुणासाठी सिगारेटचं पाकीट. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तेव्हा तुमच्या आजीला भाजणीचं थालीपीठ आवडत असेल तर ओफ्रेंदावर थालीपीठ ठेवा. आजोबांना अमुकच कंपनीची बिस्किटं चहात बुडवून लागायची, तर बिस्किटांचा पुडा आणि चहाचा कप ठेवा. खाली दिलेले मेक्सिकन पदार्थ त्याच्या जोडीला. सगळे करायला हवेतच असं अजिबात नाही. पहिल्या वर्षी पाव आणि भोपळा एवढंच केलंत तरी सण पुरा होतो.

कामाची विभागणी अशी करते: शनिवार-रविवार बघून आठवडाभर आधी कवट्या, कारण त्या टिकतात. ३० ऑक्टोबरला मक्याची पानं, भोपळा, मोलेची तयार पेस्ट अशी खरेदी. ३१ तारखेला भोपळा शिजवायचा आणि पाव करायचा. तामालेस १ तारखेला, घरात जास्त हात असतील तेव्हा. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर मुलं कंटाळतात आणि मोठ्यांचा आवाज चढतो.

ओफ्रेंदावर जेवणाबरोबर काय लागतं

पाणी आणि मीठ चुकवू नका. लांबचा प्रवास करून आलेल्यांना तहान लागलेली असते, म्हणून पाण्याचा पेला. मीठ शुद्धीसाठी. मेणबत्त्या, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप (आपला ऊद चालेल), आणि झेंडू, ज्याच्या रंगाने आणि वासाने वाट सापडते असं मानतात. दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट मुलांकडून घालून घ्या. वरून सोडायच्या नक्षीदार कागदाच्या पताका म्हणजे पापेल पिकादो. त्यांचं मोठं केंद्र पुएब्ला राज्यातलंच, सान साल्वादोर विश्कोलोत्ला. पतंगाचा कागद घड्या घालून कात्रीने कापला की घरच्या घरी पताका होतात. फक्त त्या मेणबत्त्यांपासून चांगल्या हातभर लांब बांधा.

१ तारखेला लहान मुलांसाठी जे ठेवतात त्यात तिखट नसतं. छोटे पाव, दूध, गोड तामाल, चॉकलेट, खेळणी. तुमच्या घरात असं लहानपणी गेलेलं मूल असेल तर हा दिवस तुम्हाला अवघड जाईल. पण इथल्या आया त्या मुलाचं नाव घेतात, त्याच्यासाठी गोड करतात, आणि भावंडांना त्याच्याबद्दल सांगतात. मला या सणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

पान दे मुएर्तो: हाडांचा पाव

पुएब्लात याला ओहाल्द्रा म्हणतात. गोल, गोडसर, बटर-अंड्यांचा मऊ पाव. वर पिठाचीच हाडं आडवी-उभी ठेवलेली, आणि मधोमध एक गोळी, ती कवटी. वाहाका राज्यात हाडांऐवजी पावात रंगवलेला छोटा चेहरा बसवतात. पुएब्लात वर साखरेऐवजी तीळ लावलेलेही पाव मिळतात, ते मला जास्त आवडतात.

आठ मध्यम पावांसाठी ५०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक छोटा चमचा मीठ, ३ अंडी, १२० मिलिलिटर कोमट दूध, १२० ग्रॅम मऊ बटर, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, अर्धा चमचा भरड कुटलेली बडीशेप घ्या. संत्र्याच्या फुलांचं पाणी मिळालं तर एक मोठा चमचा. पावाची ओळख या पाण्याच्या वासाने होते. नसेल तर संत्र्याचा कीस वाढवा. पण इसेन्स घालू नका, औषधासारखा वास येतो. साल किसताना वरचा नारिंगी भागच घ्या, खालचा पांढरा कडू लागतो.

बटर सोडून बाकी सगळं एकत्र करून पाच मिनिटं मळा. मग बटर थोडं थोडं घालत आणखी दहा-बारा मिनिटं. मधे एक वेळ अशी येते की पीठ परातीला, हाताला, सगळीकडे चिकटतं आणि हे बिघडलं असं वाटतं. तेव्हा वरून मैदा टाकायचा मोह आवरा आणि मळत राहा. हळूहळू पीठ गुळगुळीत होऊन परात सोडतं. थोडं पीठ दोन्ही हातांनी ताणून पाहा. न फाटता पातळ पडदा झाला की पुरे. झाकून दीड ते दोन तास ठेवा. आकाराने दुप्पट व्हायला हवं. थंडीच्या ठिकाणी बंद ओव्हनमध्ये, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून.

अंडं न खाणाऱ्या घरांनी अंड्यांऐवजी चार मोठे चमचे घट्ट दही घालावं आणि दूध २०० मिलिलिटर घ्यावं. पाव थोडा कमी हलका होतो आणि पिवळसर रंग येत नाही, पण चव छान येते. भाजायच्या आधी वरून दुधाचा हात फिरवा.

पीठ फुगलं की त्यातलं साधारण २०० ग्रॅम हाडांसाठी बाजूला काढा आणि त्यात दोन मोठे चमचे मैदा मळून घ्या. हाडांचं पीठ जरा घट्टच हवं, नाहीतर ओव्हनमध्ये फुगून आकार हरवतो. उरलेल्याचे आठ गोल गोळे करून बटर पेपरवर अंतर सोडून मांडा, तळहाताने किंचित चपटे करा.

आता मुलांना बोलवा. घट्ट पिठाची सोळा हाडं करायची आहेत आणि आठ लहान गोळ्या. छोटा तुकडा घ्या, बोटाएवढी लांब वळी करा. मग हाताची तीन बोटं एकमेकांपासून लांब फाकवून वळीवर ठेवा आणि हलक्या दाबाने मागे-पुढे लाटा. बोटांखाली वळी बारीक होते, बोटांच्या मधल्या जागेत फुगवटे राहतात, आणि पोळपाटावर खरोखर हाड तयार होतं. पाच वर्षांच्या मुलालाही हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात येतं, आणि एकदा आलं की ते थांबायला तयार नसतं. प्रत्येक पावावर दोन हाडं फुलीसारखी ठेवा, टोकं पावाच्या कडेखाली दाबा, मधोमध गोळी बसवा. चिकटवायला अंड्याचा पांढरा किंवा दूध. गोळीखाली बोटाने छोटा खड्डा केला तर ती घसरून पडत नाही.

पुन्हा झाकून पाऊण ते एक तास ठेवा. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापवून १८ ते २० मिनिटं भाजा. वरची हाडं लवकर लाल होतात, तसं दिसलं तर वरून फॉइल सैल टाका. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. गरम असतानाच वितळलेलं बटर लावून साखरेत घोळवा. तिळाचा हवा असेल तर भाजायच्या आधीच दूध लावून तीळ पसरा.

कवट्या: साखरेच्या आणि राजगिऱ्याच्या

साखरेच्या कवट्या या सणाचं चित्र होऊन बसल्या आहेत. तोलुका शहरात ऑक्टोबरात त्यांची मोठी जत्राच भरते, आल्फेन्यिकेची, म्हणजे साखरेच्या मिठाईची. कारागीर गरम पाक मातीच्या साच्यात ओततात, कड गोठली की मधला पाक परत काढून घेतात, त्यामुळे कवटी आतून पोकळ होते. पाडव्याच्या साखरगाठी साच्यात ओतताना पाहिलेल्यांना हे काम लगेच समजेल. पण हा पाक मुलांच्या जवळ आणण्यासारखा नाही.

घरी सोपी रीत अशी: एक किलो बारीक दाण्याची साखर (पिठीसाखर नव्हे), दोन मोठे चमचे मेरँग पावडर (अंड्याच्या पांढऱ्यापासून केलेली), तीन मोठे चमचे पाणी. हाताने चोळून सगळीकडे सारखा ओलावा आणा. मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे राहिले की झालं. ठसे ढासळले तर पाण्याचे दोन-चार थेंब अजून. साच्यात गच्च दाबून भरा, पुठ्ठ्यावर उलटा, रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी आयसिंगने डोळे, दात, फुलं. कपाळावर नाव लिहायचं, आणि ते नाव जिवंत मित्राचंही असतं. मुलं एकमेकांना आपापल्या नावाच्या कवट्या देतात. हवा दमट असेल त्या दिवशी करू नका. मुंबईत किंवा कोकणात ऑक्टोबरच्या अखेरीलाही ओल असते, तिथे पंख्याखाली दोन दिवस लागतील. या कवट्या शोभेसाठी आहेत, खाण्यासाठी नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

खाण्यासाठी राजगिऱ्याच्या करा. माझं मत विचाराल तर याच कराव्यात. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, सोचिमिल्कोतल्या सांतियागो तुल्येवाल्कोमध्ये तो आजही मोठ्या अभिमानाने पिकवतात. त्याच्या लाह्यांची वडी इथे आलेग्रिया नावाने गल्लोगल्ली मिळते, आणि या दिवसांत तिच्याच कवट्या होतात. आपल्या उपासाच्या वडीचं सगळं सामान इथेही तेच.

१०० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या चाळून घ्या, न फुटलेले दाणे दाताखाली येतात. कढईत १५० ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे मध, दोन मोठे चमचे पाणी आणि लिंबाचे चार थेंब मंद आचेवर ठेवा. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून पाहा. मऊ गोळी झाली की गॅस बंद. चिक्कीसारखा कडक पाक नको, कवटी वळताना तडकते. लाह्या घालून भराभर ढवळा. हे सगळं मोठ्यांनी करायचं. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की मुलांच्या हातांना पाणी लावून लिंबाएवढे गोळे वळायला द्या. खालचा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी किंचित दाबला की जबडा दिसायला लागतो. डोळ्यांना मनुका, नाकाला भोपळ्याची बी उलटी, दातांना अर्धे केलेले शेंगदाणे. मिश्रण गार होऊन सुटायला लागलं तर कढई पुन्हा मिनिटभर आचेवर धरा.

गुळातला भोपळा

कालाबासा एन ताचा हा सगळ्यात कमी कष्टाचा पदार्थ आणि घरभर सगळ्यात चांगला वास यानेच सुटतो. इथे पिलोनसियो वापरतात. तो उसाचाच, शंकूच्या आकाराचा गूळ. आपला गूळ बिनदिक्कत चालतो.

दोन किलो लाल भोपळा सालीसकट मोठ्या फोडी करून घ्या. बिया काढा, पण फेकू नका. मुलांना त्या धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजू द्या. जाड बुडाच्या पातेल्यात ५०० ग्रॅम गूळ, दोन दालचिनीचे तुकडे, चार-पाच लवंगा, संत्र्याच्या सालीची एक लांब पट्टी आणि दोन वाट्या पाणी उकळा. गूळ विरघळला की गाळून परत पातेल्यात घाला, कचरा निघून जातो. फोडी साल खाली ठेवून रचा. मधे चार-पाच पेरूंचे अर्धे तुकडे आणि सोललेल्या उसाची कांडकी खोचा. इथे तेहोकोते नावाचं छोटं पिवळं फळही घालतात. झाकण ठेवून मंद आचेवर तास ते सव्वा तास. ढवळू नका, फोडी मोडतात. त्यापेक्षा पळीने खालचा पाक वर सोडत राहा. भारतातला भोपळा बराच पाणी सोडतो, तेव्हा पाणी एक वाटीच घाला आणि शेवटी झाकण काढून पाक आटवा.

फोडी काळपट तपकिरी आणि चकचकीत दिसायला हव्यात. रात्रभर पाकात राहिल्या की चव आणखी मुरते. सकाळी वाडग्यात गार फोड, वर गार दूध. दूध आणि भोपळा दोन्ही गारच घ्या. गरम गुळात दूध फाटतं.

तामालेस: सगळ्या घराचं काम

तामाल म्हणजे मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं. हे एकट्या माणसाने करायचं काम नाही आणि मजाही त्यातच आहे. एक जण पानं पुसतो, एक पीठ पसरतो, एक सारण घालतो, एक बांधतो.

पिठाबद्दल आधी नीट समजून घ्या, कारण घोळ होतो तो इथेच. आपल्या भाकरीचं मक्याचं पीठ यासाठी चालत नाही. इथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. त्याने साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि तो ओळखीचा तामालचा वास येतो. या मक्याचं वाळवलेलं पीठ मासा हारिना नावाने मिळतं, भारतातही ऑनलाइन. ते न मिळाल्यास घरी करता येतं. एक किलो वाळलेला पांढरा मका, तीन लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना. स्टीलचं पातेलं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, चुन्याने ते खराब होतं. अर्धा-पाऊण तास हलकं उकळा. दाणा चोळल्यावर साल सुटली की गॅस बंद करून रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी चार-पाच पाण्यांतून चोळून धुवा आणि इडलीच्या ग्राइंडरमध्ये कमीत कमी पाण्यात वाटा. तामालला किंचित रवाळ वाटण चालतं. चुन्याच्या पाण्यात मुलांना हात घालू देऊ नका.

साधारण २५ तामालेससाठी ५०० ग्रॅम मासा हारिना, २०० ग्रॅम डुकराची चरबी किंवा बटर, पाऊण लिटर कोमट सूप (कोंबडीचं किंवा भाज्यांचं), एक चमचा बेकिंग पावडर, दीड चमचा मीठ. आधी चरबी किंवा बटर एकटंच फेसा. पांढरं आणि हलकं होईपर्यंत, मिक्सरने पाच-सात मिनिटं. मग पीठ आणि सूप आलटून पालटून घालत फेसत राहा. पिठाची गोळी गार पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगली तर झालं, बुडाली तर अजून फेसा. ही परीक्षा मुलांना दिली की ती दर मिनिटाला गोळी टाकून बघतात, बघू द्या.

पानं मक्याच्या कणसाची, वाळलेली. गरम पाण्यात तासभर भिजवा, वर ताटली ठेवा म्हणजे तरंगणार नाहीत. पानं नाहीत तर केळीची घ्या. वाहाका आणि यूकातानकडे केळीच्याच पानात करतात. विस्तवावर फिरवून मऊ करून घ्या, म्हणजे चिरत नाहीत.

सारणात पुएब्लातलं माझं आवडतं म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या आणि चीज. पोब्लानो मिरच्या (मोठ्या, कमी तिखट) थेट आचेवर काळ्या होईपर्यंत भाजा, झाकून दहा मिनिटं घाम येऊ द्या, साल आणि बिया काढा, पट्ट्या करून कांद्यावर परता. भारतात भावनगरी आणि ढोबळी मिरची मिसळून वापरा. चीज लांब तुकड्यांत. मांसाहारी घरांत मोलेमधली कोंबडी. लहानांसाठी गोड तामाल: त्याच पिठात सूपाऐवजी दूध, मीठ चिमूटभर, १५० ग्रॅम साखर, गुलाबी रंगाचा थेंब आणि मनुका. गुलाबी रंग हवाच, तो पाहूनच इथली मुलं गोड तामाल ओळखतात.

पान गुळगुळीत बाजू वर करून हातावर घ्या. रुंद टोकाकडे दोन मोठे चमचे पीठ चमच्याच्या पाठीने पसरा, बाजूंना दोन बोटं जागा सोडा. मधे सारण. दोन्ही कडा एकमेकींवर आणा, पिठाने सारण झाकलं गेलं पाहिजे. निमुळतं टोक मागे दुमडा. पानाचीच बारीक पट्टी फाडून बांधलं तर तिखट आणि गोड वेगळे ओळखता येतात.

मोदकपात्र किंवा उंच इडलीपात्र घ्या. तळाच्या पाण्यात एक स्वच्छ नाणं टाका. पाणी उकळतंय तोवर ते खडखडत राहतं. आवाज थांबला की पाणी संपलं, लगेच गरम पाणी ओता. जाळीवर उरलेली पानं अंथरून तामालेस उघडं तोंड वर करून उभे रचा, वर पानं आणि ओलं फडकं. तास ते सव्वा तास. एक काढून पाहा, पान पिठाला न चिकटता सुटलं तर तयार. पंधरा मिनिटं तसेच राहू द्या, घाईने उघडले तर गिच्च लागतात.

यूकातानमध्ये हानाल पिशान नावाने हेच दिवस साजरे होतात आणि तिथे भला मोठा तामाल केळीच्या पानात बांधून जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजतात. शहरातल्या घरांत तोच ओव्हनमध्ये होतो.

चाम्पुर्रादो आणि मोले

चाम्पुर्रादो हे चॉकलेटचं दाट पेय, तामालचा जोडीदार. अर्धा लिटर पाण्यात दालचिनी, ८० ग्रॅम गूळ आणि ९० ग्रॅम मेक्सिकन चॉकलेट (नाहीतर कमी साखरेचं डार्क) उकळा. ६० ग्रॅम मासा हारिना कपभर गार पाण्यात कालवून गाळून ओता. दहा मिनिटं ढवळत शिजवा, मग आच अगदी कमी करून अर्धा लिटर कोमट दूध घाला, आणि त्यानंतर उकळू देऊ नका. इथे लाकडी मोलिनीयो तळहातांत घुसळून फेस काढतात. आपली रवी त्याला उत्तम.

मोले मात्र विकत आणा. पुएब्लाचा मोले तीन-चार जातींच्या वाळक्या मिरच्या, तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, मसाले आणि चॉकलेट यांचा असतो. मुलांना घेऊन करायच्या दिवसांत तो करायला बसू नये. मंडईत सुटी पेस्ट मिळते. २५० ग्रॅम पेस्ट, तीन भाजून वाटलेले टोमॅटो आणि एक लिटर सूप, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, सतत ढवळत, कारण लगेच तळाला लागतो. दाण्यांची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी येणार असेल तर आधी सांगा. शाकाहारी असाल तर पेस्टमध्ये चरबी आहे का ते दुकानात विचारून घ्या.

वेदीवर आणि ताटात

ओफ्रेंदावर प्रत्येक पदार्थ थोडा थोडा ठेवा. पाव, फळं, राजगिऱ्याच्या कवट्या, पाकातला भोपळा हे रात्रभर राहू शकतं. कोंबडीचा मोले किंवा चीजचा तामाल उघड्यावर रात्रभर ठेवून सकाळी खायचा नाही. तो लहान वाटीत ठेवा आणि नंतर टाकून द्या, घरच्यांचा वेगळा फ्रिजमध्ये असू द्या. आलेल्यांनी पदार्थांचा वास आणि रस घेतलेला असतो, म्हणून वेदीवरच्या जेवणाला चव राहत नाही, असं इथे सांगतात.

मांडताना प्रत्येक पदार्थ मुलांनी ठेवायचा आणि ठेवताना तो कुणासाठी ते मोठ्याने म्हणायचं. "हे पणजीसाठी, तिला आंबट आवडायचं." एवढंच पुरतं, भाषण नको.

मेक्सिकन शेजाऱ्यांकडे बोलावणं आलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. फुलं, फळं, पाव किंवा मेणबत्ती न्या. पुएब्लाजवळच्या वाकेचुला गावात वर्षभरात गेलेल्यांसाठी पांढऱ्या कापडाच्या मजल्यांच्या उंच वेद्या उभारतात. तिथे अनोळखी माणूसही मेणबत्ती घेऊन घरात जाऊ शकतो, आणि यजमान त्याला पाव-चॉकलेट, कधी मोले खाऊ घालतात. फोटो काढायच्या आधी मात्र विचारा, ते घर दुःखात असतं. संध्याकाळी दारावर मुलं येऊन "कालावेरिता द्या" म्हणतील, म्हणजे छोटी कवटी, खाऊ. त्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या थोड्या कवट्या आधीच बाजूला काढून ठेवा.

उरलेलं काय करायचं? शिळा पान दे मुएर्तो मधून कापून बटरवर भाजा, किंवा पुएब्लाच्या रीतीने आत मोले आणि कोंबडी भरून खा. गोड पावात तिखट मोले ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा खाऊन पाहाच. साखरेच्या कवट्या कोरड्या डब्यात कागदात गुंडाळल्या तर पुढच्या वर्षी वापरता येतात. तामालेस पानासकट फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतात. काढले की परत वाफवा, किंवा पानासकटच तव्यावर टाका आणि पान जागोजागी काळं होईपर्यंत उलटत राहा. आतून ते कडेला कुरकुरीत होतात, आणि आमच्या घरात ताज्यापेक्षा तेच आधी संपतात.